घरच्या पडद्यावरील आवडनिवड

चित्रपटांविषयी व दूरदर्शनवरील मालिकांविषयी आपल्या आवडीनिवडी मोकळेपणाने लिहाव्या, अशी सूचना संपादकांनी केली तेव्हा प्रथम मनात संकोच उत्पन्न झाला. आवड ही गोष्ट मनुष्याच्या स्वभावाची साक्ष देते, कलाकृतीच्या गुणांची देतेच असे नाही, हे वचन आम्ही विद्यार्थिदशेत इतक्या वेळा ऐकले होते की, 'मला आवडले' एवढेच म्हणून थांबणारा टीकाकार आम्हांस अर्धवट वाटे. पुढे वय वाढले, गुडघे कुरकुरू लागले आणि चित्रगृहाचे जिने परके झाले. आज चित्रपट म्हणून जे काही मी पाहतो ते बंगळुरातील आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, दिवाणावर पाय घेऊन, शेजारच्या स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज ऐकत पाहतो. अशा प्रेक्षकाने तटस्थतेचा आव आणणे शोभत नाही. तेव्हा जे लिहीत आहे ते घरबसल्या पाहणाऱ्याचे मत आहे, असे प्रारंभीच सांगून ठेवतो. मात्र हे मत 'घरचे' आहे म्हणून ते कमी दर्जाचे ठरते, हे मला मान्य नाही. घर ही पाहण्याची एक वेगळी जागा आहे. त्या जागेचे काही तोटे आहेत, काही हक्क आहेत, आणि एकच कृती चित्रगृहात एक व घरात दुसरीच दिसू शकते. या दुसऱ्या दिसण्याची चिकित्सा आपल्याकडे फारशी झालेली नाही.

तोटा सांगण्यास फारसा वेळ नको. डेव्हिड लीन यांच्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) या चित्रपटात वाळवंटाच्या क्षितिजावर, मृगजळाच्या थरथराटातून, उंटावर बसलेला ओमर शरीफ हळूहळू पुढे येतो. तरुणपणी मोठ्या पडद्यावर हे दृश्य पाहताना तो काळा ठिपका मनुष्य आहे की भास, हे कळेपर्यंत सारे प्रेक्षागृह स्तब्ध झाले होते. गेल्या वर्षी तेच दृश्य घरी लावले, तेव्हा तो ठिपका मला सापडलाच नाही. काचेवर माशी बसली असेल असे समजून मी उठून ती पुसली! 'मुगल-ए-आझम'मधील (१९६०) शीशमहालाचेही तेच झाले. सहस्र आरशांत नाचणारी अनारकली घरी पाहिली म्हणजे एखाद्या सुबक पेटीतील चित्रासारखी वाटते. बादशहाचा दरारा तेवढा शिल्लक राहतो, कारण तो पृथ्वीराज कपूर यांच्या आवाजात आहे, आणि आवाज खोलीच्या मापाने लहान होत नाही. ज्या चित्रपटांचे सामर्थ्य विस्तारात आहे त्यांना घर न्याय देऊ शकत नाही. पडदे आता पूर्वीपेक्षा मोठे झाले आहेत, तरी यात मूलतः फरक पडलेला नाही. आमचा नातू तर हेच चित्रपट तळहाताएवढ्या फोनवर पाहतो. त्याच्याविषयी न बोललेले बरे.

आता घराचे हक्क. पहिला हक्क पुन्हा पाहण्याचा, दुसरा थांबविण्याचा. तिसरा म्हणजे कोणाच्या सोबतीने पाहावयाचे हे ठरविण्याचा. हा वस्तुतः हक्क नसून योगायोग असतो, आणि तोच सर्वांत अधिक परिणाम करतो, असे अनुभवांती माझे मत झाले आहे.

पुन्हा पाहण्याचे उदाहरण म्हणून मी 'संत तुकाराम' घेतो. प्रभात कंपनीचा हा चित्रपट १९३६ चा. दिग्दर्शक विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात तो गौरविला गेला, हे सर्वश्रुत आहे. मी तो प्रथम लहानपणी वडिलांबरोबर पाहिला. त्या वेळी माझ्या दृष्टीने तो सर्वस्वी विष्णुपंत पागनिसांचा चित्रपट होता. एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारा हा गायक नट तुकाराम होऊन असा काही उभा राहिला आहे की, त्याच्या डोळ्यांतील शांती अभिनयाची आहे की अंगची, हा प्रश्न विचारणेच अप्रस्तुत वाटते. वडील चित्रगृहातून बाहेर पडताना हात जोडूनच होते. इंद्रायणीतून वर आलेल्या वह्या, शिवाजीमहाराजांच्या रक्षणार्थ प्रकट झालेले अनेक शिवाजी आणि शेवटी वैकुंठाकडे झेपावणारा गरुड, या चमत्कारांच्या वेळी सभोवार होणारा जयघोष हा त्या चित्रपटाचाच एक भाग होता.

पुढे व्हिडिओचे दिवस आले. पुण्याहून येणाऱ्या एका आप्ताने या चित्रपटाची कॅसेट आणली. ती आमच्याकडे राहिली आणि काही वर्षांत आम्ही ती इतक्या वेळा लावली की चित्रावर पावसासारख्या रेघा पडू लागल्या. या आवर्तनांत माझ्या नकळत एक स्थित्यंतर झाले. चित्रपट पागनिसांचा न राहता जिजाईचा होऊ लागला.

हे का व्हावे, याचा मी पुष्कळ विचार केला. चमत्कार घरी पाहताना लहान होतात हे एक कारण खरे. तो गरुड दिवाणावरून पाहताना जत्रेतील खेळण्यासारखा दिसतो, आणि जयघोष करणारे कोणी शेजारी नसते. परंतु हे कारण अपुरे आहे. खरे कारण असे की घर हे जिजाईचे राज्य आहे. तुकोबांचे सारे मोठेपण घराबाहेर घडते: देवळात, डोंगरावर, नदीकाठी, वारकऱ्यांच्या मेळ्यात. जिजाईच्या वाट्याला मात्र चूल, म्हैस, पोरे आणि रिकामे डबे आले आहेत. ही भूमिका करणारी गौरी ही काही नाट्यशिक्षण घेतलेली नटी नव्हती, आणि तेच चित्रपटाचे भाग्य ठरले. ती ज्या रीतीने पदर खोचते, ज्या रीतीने बोलता बोलता हातातील काम थांबवीत नाही, ज्या रीतीने नवऱ्याला शिव्या घालता घालता त्याच्या भाकरीची काळजी करते, त्या रीती कोणी शिकवून येत नाहीत. आजारी पोराला हाताला धरून ती फरफटत देवळात नेते आणि विठोबावर पायताण उगारते, तेव्हा चित्रगृहात लोक हसत; मीही हसलो होतो. घरी ते दृश्य पाचव्या-सहाव्या वेळी पाहताना हसू आले नाही. औषधाला पैसा नसलेल्या आईने ज्याच्यामुळे पैसा नाही त्यालाच जाब विचारावा, यात विनोद कोठे आहे? देवाशी इतक्या समान पातळीवर भांडणारी ही बाई भक्तीत नवऱ्यापेक्षा उणी आहे असे दिग्दर्शकांना म्हणावयाचेच नाही. तिची भक्ती संसाराची आहे एवढाच भेद. तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हाही संसार टाकून ती निघत नाही. लहान पडद्यावर त्या वेळी गरुड खोटा दिसतो आणि तिचा चेहरा तेवढा खरा वाटतो.

हे सारे दामले-फत्तेलालांनी चित्रपटात घातलेलेच होते. मी नव्याने काही शोधले नाही. पण पहिल्या पाहण्यात जयघोषाने ते झाकले गेले होते. येथे एक गोष्ट जाता जाता नमूद करतो. या चित्रपटातील एक पद शांताराम आठवले यांनी असे काही रचले की भलेभले लोक ते गाथेत शोधू लागले. अनुकरणाच्या यशाचे याहून चांगले प्रमाणपत्र कोणते? पण जिजाईच्या बोलण्याचे अनुकरण कोणाला साधलेले नाही. पुढील मराठी चित्रपटांतील कजाग बायका पाहिल्या म्हणजे याची खात्री पटते.

थांबविण्याच्या हक्काविषयी माझे मत इतके अनुकूल नाही. चहासाठी, दारावरच्या घंटेसाठी, कुकरच्या शिट्टीसाठी चित्रपट थांबविणे हा कलावंताचा अपमान आहे असे मी समजत आलो. तथापि एका प्रसंगाने या मताला तडा गेला. यासुजिरो ओझू यांचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) आम्ही उभयतांनी तबकडीवर पाहिला. ओनोमिची गावातील वृद्ध दांपत्य टोकियोत मुलांना भेटावयास जाते. मुले वाईट नाहीत; ती केवळ कामात आहेत. मग त्यांना सोयीस्करपणे आतामीच्या उष्ण झऱ्यांवर धाडण्यात येते, तेथल्या गोंगाटात झोप लागत नाही म्हणून दोघे परत येतात, आणि परतल्यावर आज राहावयाचे कोठे हा प्रश्न पडतो. आपण आता अगदी बेघर झालो, असे म्हातारा हसत हसत म्हणतो. येथे सौ.ने थांबविण्यास सांगितले. 'उरलेले उद्या पाहू', एवढेच ती म्हणाली. मी थांबविले, थोडा रागावूनच.

दुसरा सबंध दिवस ते म्हातारे आमच्या घरात होते. भाजी निवडताना, वर्तमानपत्र वाचताना, दुपारच्या झोपेत, त्यांची सोय अजून लागलेली नाही हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. त्याविषयी आम्ही बोललो मात्र नाही. आमची मुले दूर आहेत आणि तीही वाईट नाहीत. रात्री उरलेला चित्रपट पाहिला. आईच्या मृत्यूनंतर युद्धात गेलेल्या मुलाच्या विधवेला, नोरिकोला, सासरा आपल्या पत्नीचे घड्याळ देतो. शेवटी तो एकटाच घरात बसून राहतो. खिडकीशी आलेली शेजारीण त्याच्या एकटेपणाविषयी हळहळते, आणि तो आता दिवस मोठे वाटतील अशा अर्थाचे काही बोलून पंखा हलवीत राहतो. ओझूचा कॅमेरा बहुधा जमिनीलगत, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर असतो, हे टीकाकार नेहमी सांगतात. चित्रगृहात ही गोष्ट सांगितल्यावर कळते. भारतीय घरात खाली बसून पाहणाऱ्याला ती सांगावी लागत नाही, कारण त्याची व त्या म्हाताऱ्याची बैठक एकच असते. आमच्या दिवाणामुळे आम्ही वीतभर उंच होतो इतकेच. ज्या विरामाला मी अपमान समजत होतो त्याने या चित्रपटाचे काहीच बिघडले नाही, ही गोष्ट मी कबूल करतो. सर्व चित्रपटांना तो मानवेल, असे मात्र म्हणणार नाही. हिचकॉकचा एखादा चित्रपट चहासाठी थांबवून पाहावा, म्हणजे मला काय म्हणावयाचे आहे ते कळेल.

दूरदर्शनच्या मालिकांना तर विराम जन्मतःच लाभलेला असतो. १९८२ साली राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि त्यानंतरच्या सात-आठ वर्षांत जे काही आम्ही पाहिले, त्यातील पुष्कळसे आज पाहवत नाही. रविवारच्या सकाळी रस्ते ओस पाडणाऱ्या 'रामायणा'विषयी (१९८७-८८) मी मत देणार नाही. प्रत्येक उद्गारानंतर सर्व पात्रांचे चेहरे आळीपाळीने दाखविण्याची त्यातील पद्धत मला असह्य होई. पण आमच्या खोलीत त्या वेळी जमणाऱ्या पंधरावीस माणसांपैकी निम्मी माणसे हात जोडून बसलेली असत. त्यांच्यामागे उभे राहून छायाचित्रणाच्या चुका मोजणारा मनुष्य त्या खोलीत उपराच होता.

त्या काळातील जी मालिका आजही तितक्याच आनंदाने पाहतो ती शंकर नाग यांची 'मालगुडी डेज' (१९८६). आर. के. नारायण यांचे कल्पित गाव, त्यांचे बंधू लक्ष्मण यांची रेखाचित्रे, एल. वैद्यनाथन यांचे संगीत आणि आगुंबेचे पावसाळी रस्ते यांचा तो संगम आहे. मूळ लेखन इंग्रजी, लेखकाचे घर तमिळ, भूमी कन्नड आणि आम्ही ऐकलेली भाषा हिंदी. अशी खिचडी वस्तुतः बिघडावयास हवी होती. ती न बिघडण्याचे कारण शंकर नागांच्या वृत्तीत आहे. हा मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेला मनुष्य; '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटातही त्याने काम केले. मोठा प्रसंग उभा करण्याचा मोह टाळणे त्याला उत्तम साधले होते. स्वामीची भूमिका करणारा बालनट मंजुनाथ आणि त्याच्या वडिलांच्या भूमिकेतील गिरीश कार्नाड यांच्यात जे चालते त्याला कथानक म्हणणे कठीण आहे. वडील घरात असले की घराचा आवाज बदलतो, ते कचेरीत गेले की तो पूर्ववत होतो. मालिकेतील आजी तर बहुतेक वेळ नुसती बसलेली असते. दूरदर्शनचा पडदा ज्या मापाचा होता त्या मापाचेच जग शंकर नागांनी निवडले, त्याहून मोठे केले नाही. १९९० साली अपघातात या कलावंताचा अकाली अंत झाला तेव्हा आमच्या रस्त्यावर घरोघर माणसे घरचेच कोणी गेल्यासारखी बोलत होती. रिक्षांच्या पाठीवर त्याचे चित्र आजही दिसते. ते त्याच्या कन्नड चित्रपटांमुळे आहे हे मला ठाऊक आहे, पण मी ते पाहून स्वामीच्या वडिलांची खुर्ची आठवतो.

'मालगुडी' आवडते, यात शंका नाही. पण मग गोविंद निहलानी यांचे 'तमस' (१९८८) कोठे ठेवावयाचे? भीष्म साहनींच्या कादंबरीवरील ही मालिका मी आयुष्यात दोनदा पाहिली, तिसऱ्यांदा पाहण्याचे धैर्य नाही. तरी माझ्या यादीतून ती काढण्यास मी तयार नाही. प्रारंभीच ओम पुरी यांचा नत्थू एका कोंडलेल्या अंधाऱ्या खोलीत डुकराला मारण्यासाठी धडपडतो. ते जनावर मरत नाही, दिवा फडफडतो, रात्र संपत नाही. आपण हे कशासाठी करीत आहोत हे त्याला ठाऊक नाही, आणि पाहणाऱ्यालाही नाही. सकाळी ते कलेवर मशिदीच्या पायऱ्यांवर सापडते. चित्रगृहात असे दृश्य पाहणारा प्रेक्षक तिकीट काढून, मनाची तयारी करून आलेला असतो. येथे ते जेवणे आटोपून अंथरुणे घालण्याच्या वेळी आमच्या खोलीत आले. प्रक्षेपण थांबवावे म्हणून लोक न्यायालयात गेले. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी मालिका स्वतः पाहून ती दाखविण्यास मोकळीक दिली, आणि सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय उचलून धरला. न्यायाधीशांनी आधी पाहिले आणि मग मत दिले, ही गोष्ट आम्हां टीका लिहिणाऱ्यांनीही ध्यानी ठेवण्याजोगी आहे! साहनी स्वतः त्यात हरनामसिंगाच्या भूमिकेत आहेत. दीना पाठक यांच्या बंतोसह घराला कुलूप घालून निघालेला तो वृद्ध शीख पाहताना, घर नावाची जी सुरक्षित वस्तू आपण गृहीत धरून बसलो आहोत तिच्याच भिंती हलू लागतात. घरी बसून पाहण्याने या मालिकेची धार बोथट झाली नाही, उलट वाढली. आवडती म्हणावी तर जीभ रेटत नाही. म्हणून 'आवड' या शब्दाची व्याप्ती मी थोडी ताणून घेतो: ज्याच्यापासून सुटका नको असे वाटते ते आवडते.

अलीकडील कृतींविषयी लिहिताना हात आखडता घ्यावा लागतो, कारण त्या पुन्हा पुन्हा पाहण्याइतका काळ गेलेला नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' २०२१ साली नेटफ्लिक्सवरून थेट घरातच आला. रात्रीच्या निर्मनुष्य रस्त्यावरून संथ गतीने जाणारी मोटारसायकल आणि कानात गुरुस्थानी असलेल्या माईंचा ध्वनिमुद्रित आवाज, ही त्यातील दृश्ये मला पाहण्यापेक्षा ऐकण्याचीच वाटली. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. घर मुख्यतः ऐकते, हे माझे निरीक्षण त्यावेळी अधिक पक्के झाले. पण मला बोलावयाचे आहे ते ताम्हाणे यांच्या आधीच्या चित्रपटाविषयी, 'कोर्ट'विषयी (२०१४). आणि येथे मघाशी म्हटलेला तिसरा हक्क, सोबतीचा, पुढे येतो.

'कोर्ट'ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले हे वाचकांना स्मरत असेल. गटार साफ करणाऱ्या एका कामगाराचा मृत्यू होतो. ती आत्महत्या होती व लोकशाहीर नारायण कांबळे यांच्या गाण्याने त्याला प्रवृत्त केले, असा आरोप ठेवून त्यांना पकडण्यात येते. वीरा साथीदार यांनी हा शाहीर उभा केला आहे. कॅमेरा बहुतेक वेळ स्थिर व दूर असतो; तारखा पडतात, कागद वाचले जातात, पंखे फिरतात. मधूनमधून चित्रपट वकिलांच्या व न्यायाधीशाच्या मागे त्यांच्या घरी जातो. गीतांजली कुलकर्णी यांनी केलेल्या सरकारी वकीलबाई कचेरी आटोपून मुलाला घेतात, स्वयंपाक करतात आणि सुटीच्या दिवशी कुटुंबासह मराठी नाटकाला जातात. त्या नाटकात एक परप्रांतीय तरुण मराठी मुलीला मागणी घालतो, आणि मुलीचा बाप त्याला हाकलून देतो. नाट्यगृहात टाळ्या व हशा पिकतो.

हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो येथील मराठी मंडळींनी एका ओळखीच्या घरी जमवून लावला तेव्हा. पंचवीसएक माणसे होतो. परप्रांतात मराठी ऐकावयास मिळणे हाच एक उत्सव असतो. दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतील चित्रपट दाखवीत त्या काळी मराठीची पाळी येण्याची आम्ही आठवडेच्या आठवडे वाट पाहत असू; त्या भुकेची सवय अजून गेलेली नाही. त्या नाटकाच्या दृश्यावर पडद्यातील प्रेक्षक हसले आणि पडद्याबाहेरील आम्हीही हसलो. मी मनापासून हसलो, हे लपविण्यात अर्थ नाही. नाटकातील बापाची लकब ओळखीची होती, मराठी ठसकेबाज होते, आणि कित्येक दिवसांनी इतक्या मराठी माणसांत बसण्याचा आनंद होता.

दुसऱ्यांदा हा चित्रपट मी आमच्या कन्नड शेजाऱ्यांबरोबर पाहिला. गृहस्थ निवृत्त अभियंते. मालगुडीच्या दिवसांपासून आमच्या खोलीतील त्यांची जागा ठरलेली आहे. त्यांना मराठी येत नाही, म्हणून ते पडद्याच्या तळाशी उमटणारी इंग्रजी अक्षरे वाचत होते. ते दृश्य आले. पडद्यातील प्रेक्षक हसले. शेजाऱ्यांनी अक्षरे वाचली आणि शांतपणे विचारले की, हे लोक कशाला हसत आहेत? प्रश्नात उपरोध मुळीच नव्हता. त्यांना खरोखरच विनोद कळला नव्हता. मी समजावून सांगू लागलो, आणि दोन वाक्यांतच माझ्या ध्यानी आले की मी जे समजावीत आहे ते मला या माणसाला सांगता येण्याजोगे नाही. १९७९ साली मी या शहरात आलो तेव्हा ज्यांनी घर मिळवून दिले, दुधाचे खाते उघडून दिले, रेशनच्या रांगेत उभे राहून माझ्यासाठी कन्नडात भांडले, त्यांच्यापुढे मी परप्रांतीयाला हाकलून देण्यातील गंमत उकलून दाखवीत होतो. या गावात परप्रांतीय कोण, याचे उत्तर दिवाणाच्या उजव्या टोकाला बसलेले होते.

येथे टीकेच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न उत्पन्न होतो. पहिल्या खेळातील माझे हसणे ही माझी चूक होती, की दिग्दर्शकाने लावलेला सापळा? मला वाटते, दोन्ही. ताम्हाणे यांनी त्या दृश्यात आपले बोट कोठेही उठविलेले नाही. नाटक वाईट आहे असे दाखविलेले नाही, प्रेक्षक दुष्ट दाखविलेले नाहीत. वकीलबाई तर आतापर्यंत आपल्या सहानुभूतीच्या अधिकारी झालेल्या आहेत. त्यांचे दमलेले हात आपण पाहिले आहेत. असे भले, दमलेले लोक रविवारी संध्याकाळी हसतात, एवढेच दिसते. दुसऱ्या दिवशी त्याच बाई न्यायालयात उभ्या राहून एका शाहिराला तुरुंगात ठेवावे असे म्हणतात. या दोन गोष्टींचा संबंध जोडणारा एकही शब्द चित्रपटात नाही, तो प्रेक्षकाने जोडावयाचा आहे. पंचवीस मराठी माणसांच्या सोबतीत तो माझ्याकडून जोडला गेला नाही. माझ्या रसिकतेपेक्षा शेजाऱ्यांच्या अज्ञानाने माझी अधिक मदत केली.

काही मित्र या चित्रपटाला कोरडा म्हणतात, कॅमेरा हलतच नाही अशी तक्रार करतात. त्यांना मी एवढेच सुचवीन की तो मराठी न जाणणाऱ्या माणसाच्या सोबतीने एकदा पाहावा. स्थिर कॅमेऱ्याला आपल्या बाजूने कोणी तरी हलावे लागते.

आमच्या शेजाऱ्यांशी माझा मतभेद उरला आहे तो शेवटाविषयी. न्यायालय सुटीसाठी बंद होते, माणसे निघून जातात, दिवे एकामागून एक मालवले जातात आणि पडदा काळोखाने भरतो. चित्रपट येथेच संपावयास हवा होता, असे माझे मत. तो संपत नाही. न्यायाधीश नातेवाइकांसह सहलीला गेलेले दिसतात, दुपारी बाकावर त्यांचा डोळा लागतो, मुले जवळ येऊन ओरडून त्यांना दचकवितात, आणि ते एका मुलाला थप्पड मारून पुन्हा पेंगू लागतात. मला हे दृश्य अधिक उण्याचे वाटते. जे काळोखाने सांगितले ते थपडेने पुन्हा कशाला सांगावयाचे? शेजाऱ्यांचे म्हणणे नेमके उलट. काळोखावर संपला असता तर आपण दोघेही न्यायसंस्थेविषयी गंभीर चेहरा करून झोपावयास गेलो असतो, असे ते म्हणतात. तो पेंगणारा मनुष्य पाहिल्यावर झोप लागणे कठीण होते. पुढच्या रविवारी शेवटची पंधरा मिनिटे पुन्हा लावावयाची, एवढे आमचे ठरले आहे.